जमिनीखालची माय

बोअरिंगच्या ओट्यावर शेवाळ धरलं होतं आणि माझ्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या. पाणी सांडू नये म्हणून मी बादल्या सांभाळल्या आणि पाय मात्र खाली मुडपला. मे महिना होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि बोट उगारून सांगितलं, "डेढ़ महीना ये पैर जमीन पे नहीं रखना. और बारिश में कीचड़ का तो नाम ही मत लेना." मी मान हलवली. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई मात्र त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलाचं नाव कसं घ्यायचं नाही, हे त्यांना समजलं नसावं.

आमचं गाव नवेगाव बांधपासून थोडं आत आहे. घरात आम्ही चौघं. सासूबाई, मुलीचे बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. ह्यांचं कोहमाऱ्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, सकाळचा डबा घेऊन जातात ते दिवेलागणीला येतात. मुलगी सुट्टीत दिवसभर शेजारपाजारी. सासूबाई अंगणात कधी मोहफुलं वाळवतात, कधी तांदूळ पाखडतात. आणि मी, जी सकाळपासून एका जागी कधी बसले नव्हते, ती समोरच्या खोलीत खाटेवर, पायाखाली दोन उशा घेऊन.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या लहान भावानं फोनवर सांगितलं, "ताई, बसून बसून डोकं फिरेल तुझं." त्यानं मालिका बघण्याचा त्याचा पासवर्ड पाठवला आणि टीव्हीला इंटरनेट कसं जोडायचं ते मुलीला समजावलं. तिनं जोडून दिलं आणि पळाली.

पहिल्या दिवशी मी नुसतीच चित्रं सरकवत बसले. एका चित्रात एक आई होती, तिचं बोट धरलेली मुलगी आणि मुलीच्या हातात कंदील. मला वाटलं घरगुती काहीतरी असेल, सासू-सून नाहीतर मायलेक. मी ते लावलं.

ते घरगुती नव्हतं. जमिनीच्या वर हवा जळालेली आहे, म्हणून माणसं जमिनीच्या पोटात एक शहर करून राहतात, अशी ती गोष्ट होती. त्या शहराला हवा पुरवणारं एक यंत्र असतं आणि ते यंत्र आठवणींवर चालतं. दर महिन्याला प्रत्येक घरानं एक आठवण द्यायची. डोक्यावर एक टोप चढवतात, यंत्र घुमतं आणि ती आठवण माणसाच्या डोक्यातून कायमची निघून जाते. त्या चित्रातली बाई लोकांच्या डोक्यावर तो टोप चढवण्याचंच काम करते. तिचा नवरा वरची हवा बघून येतो म्हणून गेला तो परतलाच नाही. मुलगी तिची एकुलती एक. मुलीची एकही आठवण जाऊ नये म्हणून घरच्या वाट्याची आठवण दर महिन्याला तीच देते.

हिंदीत बोलणारी ती गोरी माणसं, तो काळाकुट्ट अंधार, भिंतींतून टपकणारं पाणी. पहिला भाग बघून मला नीट झोपही लागली नाही. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांची जेवणं आटोपली की मी रिमोट शोधायला लागले.

सुरुवातीला ती बाई लहानसहान आठवणी देते. कुठल्याशा फळाची चव. आईनं म्हटलेलं एक गाणं. मग लग्नाचा दिवस. मग नवऱ्याचा चेहरा. त्यानंतर ती नवऱ्याच्या फोटोसमोरून जाते आणि थांबत नाही. मुलगी मागून बघत असते. त्या भागानंतर मी टीव्ही बंद केला. माझ्या आईनं म्हटलेली गाणी मला किती येतात ते मनात मोजून पाहिलं. एकाचं दुसरं कडवं आठवेना तर जीव घाबरला. देवरीला माहेरी फोन लावला. आई म्हणाली, "काऊन वो, बरी आहेस ना? भरदुपारी गाणं कायले पायजे तुले?" पण तिनं म्हणून दाखवलं.

शेवटचा भाग मी सकाळी बघितला. यंत्र बंद पडत आलेलं असतं. लहान आठवणींनी ते आता चालत नाही, त्याला एक मोठी आठवण हवी असते. माणसं गुदमरायला लागतात. ती बाई टोप स्वतःच्या डोक्यावर घेते आणि मुलगीच देऊन टाकते. म्हणजे मुलीची सगळी आठवण, जन्मल्यापासूनची. दिवे लागतात, हवा येते. मुलगी धावत येऊन तिला मिठी मारते. ती बाई तिच्या केसांवरून हात फिरवते, परक्या लेकराच्या केसांवरून फिरवतो तसा, आणि हसून विचारते, "बेटा, तुम्हारा घर कौन सा है?"

आणि अंधार. संपलं.

मी रडले. नुसते डोळे भरून आले असं नाही, तर छातीतून हुंदका आला आणि थांबेना. सासूबाई हातातलं सूप टाकून अंगणातून धावत आल्या.

"काय झालं? पाय दुखून राहिला का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार? जमिनीखाली राहणारी एक बाई आपल्या मुलीला विसरली, असं सांगितलं असतं तर त्यांनी अंगारा लावला असता. त्या तेल गरम करून घेऊन आल्या. प्लास्टरच्या पायाला तर काही करता येईना, म्हणून त्यांनी माझा चांगला पाय चोळला, चांगला अर्धा तास. मी रडत होते आणि त्या म्हणत होत्या, "होईन बरं, होईन."

पुढचे पंधरा-वीस दिवस माझे वाईट गेले. मुलगी खेळून घरी आली की मी तिला जवळ बसवून विचारायचे, तुला आठवतं का, तू लहान असताना नवेगावच्या तलावावर आपण बदकं बघितली होती? ती म्हणायची, "हो मम्मी, किती वेळा विचारशील?" ह्यांना एकदा जेवताना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, हे खरं. मग म्हणाले, "टीव्हीतली बाई आहे ती. तू कायले सुतक पाळून राहिली?" भावाला फोन केला तर त्यानं ती मालिका पाहिलीच नव्हती. "फार स्लो आहे म्हणतात ना?" एवढंच म्हणाला. मला राग आला. एवढं मोठं दुःख मनात घेऊन बसले होते आणि ते सांगायला घरात, गावात, पुण्यात कुणीच नव्हतं.

जूनच्या शेवटी प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, वाळलेल्या काडीसारखा. जुलैत रोवणी लागली. चिखलात उतरायची मनाई होती, पण घरी बसवेना. मी काठी टेकत टेकत शेतावर जायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधाच्या कडेवर, प्लास्टिकचं पोतं टाकून बसायचे. बायांना चहा द्यायचे, रोपांच्या पेंढ्या हातात काढून द्यायचे. आमच्याकडे रोवणीला आठ-दहा बायांचा गट असतो. त्यात माझी चुलत जाऊ आणि सगळ्या गावाची मावशी. मावशीचं वय किती ते तिलाही ठाऊक नाही, पण रोवणीची गाणी तिच्याच गळ्यातून निघतात. ती एक ओळ म्हणते, बाया दुसरी उचलतात आणि त्या तालावर हात चालतात.

त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी मावशीचा आवाज बसला. पावसात भिजून घसा असा धरला की बोलणंही फुसफुस निघायचं. गाणं बंद पडलं. तिच्याशिवाय सुरुवात करायला कोणी धजेना. बाया मुकाट रोवायला लागल्या आणि वेळ जाता जाईना. शेवटी मावशीच माझ्याकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू त बसूनच राहिली ना वो. काहीतरी सांग."

"काय सांगू मावशी?"

"काहीही. दोन महिने टीव्हीच पाहून राहिली होती म्हनते तुझी सासू."

बाया हसल्या. मी थोडी लाजले. आणि मग सांगायला लागले, "एक शहर होतं, जमिनीच्या खाली."

माझं पहिलं वाक्य पूर्ण होण्याआधीच प्रश्न आला. "जमिनीखाली? मंग खाते काय ते लोक?"

"गोळ्या खातात."

"तापाच्या?"

"नाही वो. जेवणाच्याच गोळ्या. एक गोळी खाल्ली की दिवसभर भूक नाही."

"भात नाही?" जाऊनं कंबर सरळ करून विचारलं.

"भात नाही."

"आन कोनी रोवत बी नाही?"

"नाही."

"मंग त बरं हाये," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळ्या बांधीत, त्या भातखाचरात, हसू पसरलं.

पण यंत्राची गोष्ट आली तशा बाया गप्प होऊन ऐकायला लागल्या. दर महिन्याला एक आठवण द्यायची, हे त्यांना पटकन समजलं, मला दोन भाग बघेपर्यंत नीट समजलं नव्हतं. जाऊनं विचारलं, "वाईट आठवन देली त नाही चालत का? माझ्यापाशी लय हायेत. पोतंभर देतो."

मी म्हणाले, "वाईट आठवणीवर ते यंत्र चालत नाही. धूर करतं. गोडच लागते." हे मालिकेत खरंच होतं, चौथ्या भागात, एक म्हातारा तसं करून बघतो.

"हे त सरकारपेक्षा बी वाईट," ती म्हणाली.

मग कोण काय देईल यावर बोलणं सुरू झालं. एक म्हणाली, मी माझं लग्न देईन, घेऊन जा म्हणावं. तिला सगळ्यांनी चिडवलं. दुसरी म्हणाली, मी पहिल्यांदा रेल्वे पाहिली ती देईन, आता रोजच दिसते. एक सूनबाई गावात नवीनच आली होती, ती म्हणाली, "मी काईच देनार नाही. हवा गेली त जाऊ दे." त्यावर मावशी पुटपुटली, "बरोबर हाये तिचं. सारं नवंच हाये अजून."

असं रोज थोडं थोडं चाललं. चहा झाला की कुणीतरी म्हणायचं, "हं, मंग? त्या बाईनं या महिन्यात काय देलं?" सगळ्या तिला "ते बाई" म्हणायच्या, जणू वरच्या आळीत राहते. तिच्यावर रागावायच्या. नवऱ्याचा चेहरा देऊन टाकला त्या दिवशी तर बांधीत भांडणच झालं. जाऊ म्हणाली, "चांगलं केलं. सोडून गेला त कायले ठेवाचा?" दुसरी म्हणाली, "अवो, तो गेला होता हवा पाहाले. मेला असन बिचारा." मी मध्येच पडून सांगितलं की तो मेला की जिवंत ते शेवटपर्यंत कळत नाही. "तुले बी माहीत नाही?" असं जाऊनं विचारलं तेव्हा तिच्या आवाजात माझ्याबद्दल खरंच नाराजी होती.

मला फार बरं वाटत होतं. सकाळी उठल्यापासून आज कुठपर्यंत सांगायचं ते ठरवायचे. भाकरी थापताना मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे. सासूबाईंनी एकदा विचारलं, "कोनाशी बोलून राहिली?" पण शेवट जवळ यायला लागला तशी मला भीती वाटायला लागली. तो शेवट कंबरेत वाकलेल्या, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या या बायांना सांगायचा कसा? वाटलं बदलून टाकावा. सांगावं, मुलीनं मिठी मारली आणि आईला सगळं आठवलं. कोण बघणार होतं? पण मी तो माझ्या डोळ्यांनी बघितला होता, त्या बाईशी खोटं वागल्यासारखं झालं असतं.

शेवटच्या बांधीच्या दिवशी मी शेवट सांगितला. भुरभुर पाऊस होता. मी कुठंही न थांबता, आवाज न चढवता सांगून टाकला. यंत्र बंद पडलं, माणसं गुदमरली, तिनं मुलगी देऊन टाकली, मुलगी धावत आली आणि आईनं विचारलं, बेटा, तुझं घर कोणतं.

बायांचे हात थांबले नाहीत. रोपं चिखलात जात राहिली. मला वाटलं, सांगायला नको होतं.

मग मावशीनं विचारलं, "मंग?"

"मग काही नाही मावशी. तिथंच संपली."

"असं कसं संपली? पोरगी तिथंच उभी हाये ना?"

"हो."

"जित्ती हाये?"

"हो, आहे."

मावशी उभी राहिली. तिचा आवाज अजून पुरता सुटला नव्हता. "मंग संपली कुठं वो? पोरीले त सारं आठवते ना? ते सांगन मायले. मी तुझी म्हनन. आज सांगन, उद्या सांगन. रोज सांगन."

"सांगितल्यानं थोडी आठवण येते?" जाऊ म्हणाली. "ते त गेली यंत्रात."

"आठवन नाही येनार. पन ओरख त होईन. आपन बी सासरी आलो तवा कोनाले ओरखत होतो?"

"अवो मावशी, सासू आन पोटची पोरगी एकच का?"

"मी कोठं एक म्हनली?"

त्यावर जे सुरू झालं ते शिदोरी सुटेपर्यंत चाललं. कुणी म्हणे तिनं मुलगी द्यायलाच नको होती, कुणी म्हणे गाव मेलं असतं तर मुलगी तरी कुठं वाचली असती. नवीन सूनबाईनं मावशीची बाजू घेतली. जाऊ ऐकायला तयार नव्हती. मी धुऱ्यावर बसून एकेकीकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की मला रडू येतंय. पण हे रडणं त्या सकाळच्या रडण्यासारखं नव्हतं, छातीवर काही बसलं नव्हतं.

जाऊचं लक्ष गेलं. "काऊन, तू रडून राहिली का वो?"

"हो."

"कोनासाठी?"

"त्या बाईसाठी."

वाटलं, आता हसतील. जाऊनं हातातली पेंढी सोडली, चिखलाचं बोट लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "रड मंग." आणि पुन्हा रोवायला वाकली.

रोवणी संपली की आमच्याकडे बायांना जेवण असतं. श्रावण लागला होता, म्हणून वडे, भात आणि पाटोडीचा झणझणीत रस्सा केला. रविवार होता, ह्यांचं दुकान बंद. मांडव नव्हता, काही नव्हतं, समोरच्या खोलीत सतरंजीवर बाया बसल्या आणि जेवण होताच मावशीनं टीव्हीकडे बोट दाखवलं. "ते बाई दाखव."

मी शेवटचा भाग लावला. मला फार उत्सुकता होती, आणि पाच मिनिटांत ती गळून पडली.

"हे? एवढीशी?" जाऊ म्हणाली. "मी त उंचपुरी समजली होती."

"केस काऊन कापले तिचे?"

"काहीच दिसून नाही राहिलं. लाइन गेली का?"

"तिथं अंधारच असतो," मी म्हणाले.

"एवढी आठवन घेऊन राहिले त लाइट बी लावाव ना मंग."

सासूबाईही येऊन बसल्या होत्या, त्या तर म्हणाल्या, हे कोणत्या देशातलं, पोरीला स्वेटर घाला म्हणावं. मावशी बराच वेळ डोळे बारीक करून बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांगितली ते बाई दुसरी होती."

मी थोडी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. ज्या अंधारानं माझा जीव घेतला होता तो यांना नुसता अंधार दिसत होता. पण शेवट आला, मुलगी धावत निघाली, तशा बाया पुढं सरकून बसल्या. वड्याचं ताट हातात घेऊन मुलीचे बाबा दारात उभे होते, ते तसेच उभे राहिले. ती बाई हसली आणि तिनं तो प्रश्न विचारला. माझ्या मांडीला टेकून बसलेली माझी मुलगी मोठ्यानं म्हणाली, "अरे, सांग ना तिला!"

"सांगन, सांगन," मावशी म्हणाली. "पहिले श्वास त घेऊ दे."

नावं वर सरकायला लागली. जाऊ उठली, पदर खोचला आणि म्हणाली की तिचं मत अजूनही तेच आहे, गेलेली आठवण येत नसते. पण बोलताना तिनं माझ्या मुलीला उगाचच कडेवर उचललं. नऊ वर्षांची घोडी, पाय खाली लोंबत होते.

बाया गेल्या तेव्हा ऊन पडलं होतं. रस्त्यानं जातानाही त्या त्याच विषयावर बोलत होत्या, वळणापर्यंत ऐकू येत होतं. मी भांडी गोळा केली. ह्यांनी ताट ठेवलं, रिमोट उचलला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "याचा पहिला भाग कुठं असतो?"

मी लावून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन उरलेले वडे डब्यात भरले आणि एक तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.